बोटीचा हिवाळा

नांदुऱ्याहून समुद्र गाठायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी जूनच्या शेवटी आमच्या आळीत एका बोटीवरून वाद पेटला. बोट चालवायची कशी यावर नव्हे, ती न चालवता ठेवायची कशी यावर. गावाला ज्ञानगंगा आहे, तालुक्यातून पूर्णा वाहते, तेव्हा पाण्याशी आमचं अगदीच सोयरसुतक नाही असं नाही. पण हा वाद मालवणहून आला होता.

वाद घालणारे मामा-भाचे. मामा आमचे शेजारी, उभा जन्म जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेला. यंत्राच्या आवाजावरून बेरिंग कुठलं गेलं ते सांगणारा माणूस. भाच्याच्या वडिलांची नोकरी कोकणात, त्यामुळे तो तिकडचाच झाला आणि मामांची वऱ्हाडी समजली तरी बोलतो आपल्या शाळेतल्या मराठीत. एका भागीदाराबरोबर तो पर्यटकांना दोरीने ओढत नेणारी बोट चालवतो. फायबरची, मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आणि मधोमध ॲल्युमिनियमच्या नळ्यांची डोक्यावरून जाणारी कमान. तिला ते लोक टॉवर म्हणतात. दोरी बोटीच्या मागच्या कड्याला न बांधता या टॉवरच्या माथ्याला बांधली की ओढ वरून येते, आणि फळीवर उभा असलेला गडी बोटीने उठवलेल्या लाटेवरून उंच उडतो. पर्यटकांचे फोटो त्या उडीचे असतात. पैसेही त्या उडीचेच.

किनाऱ्यावरचं जलपर्यटन २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतं. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते, तसाच हा प्रकार. त्या सुट्टीत भाचा आजोळी आला होता.

भाचा : बोट नीट झोपवून आलो, मामा. आता सप्टेंबरपर्यंत तिच्याकडे बघायचं काम नाही.

मामा : झोपोली म्हन्जे काय केलं?

भाचा : इंजिन गोड्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवून आतलं मीठ धुतलं. पेट्रोल काढलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल फवारलं. गिअरचं तेल बदललं, बॅटरी घरी आणली, टॉवर आडवा केला आणि वरून झाकून टाकली.

मामा : मंग झोपोली नाई लेका, मारून आला तू तिले. चालती मशीन बिघडत नाई. बिघडते ते बसेल मशीन.

भाचा : आणि तुमच्या जिनिंगची मशीन? दिवाळीच्या आगेमागे सुरू, मार्च-एप्रिलमध्ये बंद. उरलेले महिने ती बसूनच असायची ना?

मामा : बसून होती, पन आमी तिच्याजवय बसून होतो! डबल रोलरचं जिन तू पाह्यलं नाई. चामड्याच्या चकत्या शाफ्टवर दाबून रोलर बनते, त्याले गाया, म्हन्जे खाचा, पाडलेल्या अस्तात. सीझन सरला का पह्यले आमी पट्टे ढिले कराचो. तानेल पट्टा तसाच ठेवला तर तो पुलीवर वाकला त्या जागी वाकूनच राह्यते. सुरीच्या पात्याले तेल लावाचो. रोलर झिजले असन तर उतरवून नव्या गाया पाडाले पाठवाचो. आन् पंधरा दिवसानं एक चक्कर माराचो, शाफ्ट हातानं फिरवाचो. बेरिंगचा छर्रा एकाच जागी टेकून बसला का तिथंच गंज धरते. हे काम कोनं सांगतलं नव्हतं. पन दसऱ्याले बटन दाबलं का मशीन उचलाची.

भाचा : म्हणजे तुम्हीही झोपवतच होता की. पट्टा ढिला करणं म्हणजे दुसरं काय?

मामा : ढिलं करनं येगयं आन् पाठ फिरवनं येगयं.

इथे मामांनी चहा सांगितला. खरं तर दोघांत अंतर फार नव्हतं असं मला वाटलं, पण वाद दोघांनाही हवा होता, त्यामुळे मी गप्प राहिलो.

मामा : हे सगयं तू शिकला कुठून?

भाचा : इंजिनाबरोबर पुस्तक येतं. शिवाय ही बोटीची पद्धत मुळात थंड देशांतली. दोरीला धरून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ सुरू झाला अमेरिकेतल्या मिनेसोटात, १९२२ साली. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. इंजिनाच्या पोटात पाणी राहिलं तर ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकतो. म्हणून ते ऑक्टोबरमध्ये बोट बाहेर काढतात, पाण्याचा थेंब न् थेंब काढतात, काही जण नळ्यांत न गोठणारं गुलाबी द्रावण भरतात, आणि मग बोट पाच-सहा महिने बंद.

मामा : मालवनात बर्फ कोनं पाह्यला? अबे, ज्याची दुश्मन थंडी हाये त्यानं ते पुस्तक लिवलं. तुह्या दुश्मनाचं नाव येगयं. तू पुस्तक वाचून त्याच्या दुश्मनाशी लढून राह्यला.

भाचा : गुलाबी द्रावण मी भरलेलं नाही, मामा. आमचा हिवाळा म्हणजे पावसाळा. जवळजवळ तीन मीटर पाऊस, चार महिने कपडे वाळत नाहीत. उशीवर, पट्ट्यावर, चपलेवर बुरशी. बोटीच्या सीटच्या गाद्या सपाट ठेवल्या तर ऑगस्टमध्ये खालून काळ्या झालेल्या असतात. मी त्या उभ्या करून ठेवतो, बोटीतली झाकणं उघडी ठेवतो. तळाचं बूच काढून नाक जरा वर ठेवतो, म्हणजे चुकून पाणी गेलंच तर मागून निघून जातं.

मामा : हां. हे काम पुस्तकातलं नाई दिसत.

भाचा : पुस्तकातलंच आहे, पण आमच्याकडचे गाबीत लोक पुस्तकाच्या आधीपासून हेच करतात. होडी ओंडक्यांवरून ओढून वर घ्यायची, झापांनी शाकारायची. झाप म्हणजे विणलेली नारळाची पानं. पाणी गळत नाही आणि वाराही अडत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी त्याखाली.

मामा : मंग तू झाप टाकला का?

भाचा : ताडपत्री.

मामा : पाह्य! म्हाताऱ्याईले जे समजलं ते तुले नाई समजलं. ताडपत्रीखाली वाफ निंगते, ती वरतं जाऊन थेंब होते आन् मंग तुह्याच बोटीवर खालतं पडते. आमी जिनावर जुनी सुती चादर टाकाचो. गठानीवरची फाटकी कापडं कायले फेकाची? धूळ अडते, वारा फिरते.

भाचा : शेडमध्ये आहे हो ती. पाऊस वरून येत नाही.

मामा : शेडीत हाये तं ताडपत्री कायले टाकली मंग?

यावर भाच्याकडे उत्तर नव्हतं. छपराखालच्या वस्तूला धुळीपासून आणि वटवाघळांच्या घाणीपासून वाचवायचं असेल तर कापड पुरतं, प्लास्टिक कशाला? त्याने फोन काढला आणि तिकडे कुणाला तरी ताडपत्री काढून चादरी टाकायला सांगितलं. मामांनी तंबाखू मळली.

शेडची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. बंदरापासून आतल्या गावात एका आंबा बागायतदाराची पॅकिंगची शेड भाच्याने भाड्याने घेतली आहे. हापूस संपला की जूनपासून ती रिकामी, आणि पेट्या पुन्हा भरायच्या वेळी बोट पाण्यात. एकाच्या हंगामाची रिकामी जागा दुसऱ्याच्या बिनहंगामाला मिळाली, भाडंही कमी. मामांना हे फार पटलं. आमच्याकडे कापसाची शेडही पावसाळ्यात अशीच रिकामी पडते, पण तिथे बोट ठेवायला कोण येणार?

भाचा : अडचण फक्त टॉवरची. बोट ट्रेलरवर, ट्रेलर चाकांवर, त्यावर टॉवर. शेडच्या शटरखालून जातच नाही. म्हणून दर वर्षी टॉवरचे बोल्ट काढून तो पुढे पाडावा लागतो.

मामा : बोल्ट काढाले कितीक येय लागते?

भाचा : पहिल्या वर्षी अख्खा दिवस गेला. नळ्या ॲल्युमिनियमच्या, बोल्ट स्टेनलेसचे. दोन वेगळे धातू, मध्ये समुद्राचं पाणी. बॅटरीत जे होतं तेच तिथे होतं, फक्त वीज मिळायच्या ऐवजी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी होऊन आटा असा धरतो की पान्ह्याने बोल्टचं डोकं तुटतं, बोल्ट हलत नाही. आता दर वेळी आट्याला ग्रीस लावून बसवतो. म्हणजे टॉवर दर वर्षी पाडावा लागतो हे एका परीने बरंच झालं, नाहीतर तो बोल्ट कुणी कधी उघडला नसता.

मामा : हे पटलं. जे उघडावं लागत नाई ते उघडनारा कोनी नाई. पन शटरच्या भायेर, उघड्यावर ठेवली अस्ती तर? टॉवर उभाच ठेवाचा आन् त्याचं आढं कराचं. दोन्ही अंगानं ताडपत्री उतरती, झोपडीवानी. पानी साचनार नाई.

भाचा : हे बरेच जण करतात, आणि शांत तळ्यावर ते चालतंही. टॉवर पाडून सपाट ताडपत्री टाकली तर मधे खळगा पडतो, हे तुमचं बरोबर. एक मीटर लांब-रुंद खळग्यात दहा सेंटिमीटर पाणी साचलं तरी शंभर किलो होतं. ते आधी झाकण वाकवतं, मग काच. पण उभ्या टॉवरवर शिडासारखी ताडपत्री ताणली आणि वारा सुटला तर? २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या. त्या वाऱ्यात टॉवरला बांधलेली ताडपत्री बोटीला ट्रेलरवरून उचलून टाकेल. आणि टॉवर उभा ठेवून साधं कव्हर घातलं तर पायांसाठी त्याला भोकं लागतात, पाणी नळीवरून घरंगळत थेट आत येतं. उंच वस्तू उघड्यावर ठेवणं नकोच.

मामा : आमचा हनुमान १०५ फुटाचा हाये, हायवेवर उघडाच उभा हाये. त्याले कोनती चादर टाकतं?

भाचा : त्याला बूच नाही मामा, आणि त्याच्यात इंजिन नाही.

मामा हसले, पण मुद्दा सोडला नाही. पुढचा अर्धा तास पेट्रोलवर गेला. मला सगळ्यात उपयोगाचा भाग तोच वाटला, कारण तो फवारणीच्या पंपापासून घरच्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना लागू आहे.

मामा : पेट्रोल काढलं ते कायले? टाकी भरेल ठेवली तर आत हवाच राह्यत नाई, हवा नाई तर घाम नाई. आमी तं डिझेलची टाकी नेहमी गच्च भरून ठेवाचो.

भाचा : डिझेलचं ते बरोबरच आहे. पेट्रोलचंही पूर्वी बरोबर होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलच ओल. प्रमाणाबाहेर पाणी ओढलं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. आणि इंजिनाला तेल जातं तळातून. पहिल्याच दिवशी इंजिनाच्या तोंडात पेट्रोलऐवजी पाणी. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, चिकट होतात. तीन-चार महिने ठेवायचं असेल तर एक तर टिकाऊपणाचं औषध घालून टाकी पूर्ण भरायची, नाहीतर पूर्ण रिकामी. अर्धी टाकी सगळ्यात वाईट.

मामा : मंग माह्या फवारनी पंपात मागल्या साली राह्यलं होतं, ते जेलीवानी झालं होतं, ते हेच?

भाचा : बहुतेक. कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंक राहतो. पंप ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्यायचं.

मामा : हे मले पंप घेतला तवा कोनं सांगतलं नाई.

इथवर भाचा पुढे होता. मग मामांनी त्याचा दुसरा पाय ओढला.

मामा : बरं, इंजिन तू तेल फवारून बंद केलं. पन त्याच्यात पानी खेचाचा पंप असन ना, रबराच्या पात्यायचा? ते रबर तीन महिने वाकून बसन त्याचं काय?

भाचा : बसतं. पाती एका बाजूला वाकलेलीच राहतात. म्हणून ठरावीक काळाने ते चाक बदलायचं असतंच.

मामा : आन् तू पंधरा दिवसानं पाच मिन्ट चालोलं अस्तं तर?

भाचा : पाच मिनिटं चालवणं न चालवण्यापेक्षा वाईट. इंजिन पुरतं तापत नाही, जळताना झालेली वाफ तेलात उतरते, आणि मी फवारलेलं रक्षणाचं तेल पहिल्या झटक्यात जळून जातं. वर, पाण्याशिवाय चालवलं तर ते रबरी चाक काही सेकंदांत करपतं.

मामा : पाच मिन्ट नाई, अर्धा तास चालव मंग. पान्याच्या ड्रमात.

भाचा : अर्धा तास, ड्रममध्ये, पूर्ण तापेपर्यंत? मग चालेल. पण मग ती बोट झोपलेली नाही, जागीच आहे. दोन्हीपैकी एक काहीतरी धरायला हवं. झोपवायची तर नीट झोपवायची, जागी ठेवायची तर नीट जागी ठेवायची. मधलं केलं की बिघडते.

मामा : आता तू माह्या अंगनात आला. मले सांग, पुराची बोट कोनत्या खान्यात टाकशीन?

हा प्रश्न मामांनी इतका वेळ राखून ठेवला होता, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

इथे वाचकाला थोडं सांगायला हवं. पूर्णा सातपुड्यातून उतरते, अमरावती-अकोल्यातून आमच्या जिल्ह्यात येते आणि पुढे चांगदेवला तापीला मिळते. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना येरळीचा पूल लागतो, आणि पूर्णा चढली की त्या रस्त्याचं काय होणार याची चिंता दोन्हीकडे सुरू होते. २०२३च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका रात्रीच्या पावसाने काय केलं ते लोक विसरलेले नाहीत. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. धुळं इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास, नागपूर तीनशेच्या वर. राष्ट्रीय दलाचा तळ पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. ते येतात, पण नदी थांबत नाही. तोवर जी बोट जवळ असेल तीच बोट. आणि पुराच्या बोटीचा विसावा भाच्याच्या बोटीच्या बरोबर उलटा. तिला पावसाळ्यात काम आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत विश्रांती. म्हणजे हिवाळ्यात बोट ठेवायचा प्रश्न खराखुरा असेल तर तो मालवणचा नाही, आमचा आहे.

भाचा : पुराची बोट रबरी की फायबरची?

मामा : दोन्ही पाह्यल्या. रबरीले उंदीर. फायबरले ऊन.

भाचा : रबरीला पहिल्यांदा उंदीरच. तिची कडक घडी घालायची नाही, घडीच्या रेघेवर रबर तडकतं. धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून, थोडी हवा ठेवून मांडायची. आणि उन्हात कधीच नाही. ऊन चढलं की आतली हवा फुगते, शिवण सुटते.

मामा : इथं मे महिन्यात ४४-४५ डिग्री अस्ते. टिनाच्या शेडीत त्याच्या वर. तुह्या पुस्तकात याचं पान हाये का?

भाचा : नाही. पुस्तकात गोठण्याचं पान आहे.

मामा : आन् उंदराचं?

भाचा : ते आहे. खाण्याचा एक कण बोटीत ठेवायचा नाही. आमच्या बोटीत सीटखाली वेफर्सची रिकामी पाकिटं राहिली होती, तर उंदरांनी वायरिंगच कुरतडलं.

मामा : आमच्याकडं सरकीचा एक दाना राह्यला तरी पुरे. म्हनून मशीन बंद केल्यावर आमी पह्यले झाडू हातात घ्याचो, पान्हा नंतर. आन् कुंभारीन माशी म्हाईत हाये का तुले? मातीचं घर करते ते?

भाचा : का?

मामा : इंजिन चालू असलं का बाजूनं पान्याची बारीक धार पडते ना, पानी फिरून राह्यलं हे दाखवाले? ते भोक तिले लय आवडते. पांढरं-पांढरं गोल घर बांधून देते. जुलैत इंजिन चालू केलं, धार पडत नाई, मानूस म्हन्ते पंप गेला. पंप नाई गेला, माशीनं बिऱ्हाड केलं! एक काडी घाल, उघडते.

भाच्याला हे ठाऊक नव्हतं. टॉवरच्या नळ्यांच्या उघड्या तोंडांतही गांधीलमाश्या घर करतात, ते त्याने पाहिलं होतं. तिथे तो चिंध्या कोंबतो. पण इंजिनाच्या त्या इवल्या भोकाचा विचार त्याने केला नव्हता. कोकणात तिथे माशीऐवजी मीठ बसतं.

भाचा : पुराच्या बोटीचं इंजिन मात्र मी झोपवणार नाही, मामा. तुमच्या खान्यात टाकतो. ती जागी ठेवायची. महिन्यातून एकदा दोनशे लिटरच्या ड्रममध्ये उतरवून अर्धा तास, गिअर न टाकता. बॅटरी चार्ज. पेट्रोल थोडं आणि ताजं, राहिलेलं दर महिन्याला कुठल्या तरी गाडीत ओतून संपवायचं.

मामा : आला का रस्त्यावर!

भाचा : पण तुमच्या कारणासाठी नाही. बसलेली मशीन मरते म्हणून नाही. माझ्या बोटीला उठायची तारीख ठरलेली आहे, १ सप्टेंबर. आठ दिवस आधी जाऊन उठवली की झालं. पुराच्या बोटीला तारीख नसते. रात्री दोनला फोन आला तर बूच कुठे आणि बॅटरी कुठे, हे शोधायला वेळ नसतो.

मामा : कारन कोनतंई असू दे, ड्रम तं माह्याच झाला. पन एक सांग. ड्रमात पानी कोनतं भरशीन?

भाचा : गोडं. बोअरचं.

मामा : आमच्या बोअरचं पानी गोडं हाये म्हनून कोनं सांगतलं तुले? हा खारपानपट्टा हाये, बाप्पा! पूर्नेच्या दोन्ही अंगाले, अकोल्यापासून आमच्या तालुक्यापर्यंत, जमिनीखालचं पानी खारं. पेताबी येत नाई, शेतीलेबी चालत नाई. त्या पान्यानं तू इंजिन धोशीन तर समुद्रातून काढून समुद्रातच धोल्यासारखं हाये.

भाचा खरंच गप्प झाला. कोकणातला माणूस समुद्रातून बाहेर आलं की सगळं पाणी गोडं धरतो. समुद्रापासून इतक्या आत, जमिनीखालून खारट पाणी निघेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं की ड्रम पावसाच्या साठवलेल्या पाण्याने किंवा नळाच्या पाण्याने भरायचा, आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरायचं. नळाला पाणी रोज येत नाही, ही मामांची पुरवणी.

मामा : आन् तपासनी कवा कराची? मान्सूनपूर्व तयारी म्हनून मेमध्ये बैठका होतात, बोट काढतात, फोटो निंगतात.

भाचा : मे फार उशीर. मेमध्ये कळलं की रबरी चाक गेलंय, तर ते मुंबईहून येणार, बसवणारा माणूस शोधायचा, तोवर मृग लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासायची. म्हणजे हातात तीन महिने राहतात.

मामा : खंडेनवमीले धू, तेल लाव, कुंकू लाव. शिवरात्रीले तपास. हे दोन दिवस कोनी इसरत नाई. तारीख इसरतात, सन इसरत नाई.

भाचा : आणि जिगाव?

मामा : जिगावचं काय?

भाचा : पूर्णेवर तुमच्याच तालुक्यात धरण होतंय ना. पाणी उभं राहिलं की बोटी येतील. कोयनेच्या पाण्यावर मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालंच की. उद्या इथेही टॉवरवाली बोट येईल.

मामा : तीसेक वर्सं झाली ते काम चालू हाये. गावं उठून राह्यली. बोट येईन तवा येईन. पन नाशकाले गंगापूर धरणावरच्या बोटी म्हाईत हायेत ना? आनल्या आन् किती वर्सं तशाच पडून होत्या. बोट आनाले पैसा लागते, ठेवाले मानूस लागते. पैसा एक डाव मंजूर होते. मानूस रोज लागते.

भाचा : माझ्याकडे माणूस आहे. भागीदार.

मामा : बरं. तू बोटीचं बूच काढून ठेवलं म्हन्तं. सप्टेंबरात पान्यात उतरवताना ते लावाचं कोनाच्या ध्यानात राहीन?

भाचा : त्याची सोय केली आहे. बूच इंजिनाच्या किल्लीलाच बांधलंय. किल्ली हातात घेतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि किल्ली घेतली की बूच हातात येतंच.

मामा : वा! हे डोकं चांगलं लढोलं. किल्ली कुठं हाये?

भाचा : भागीदाराकडे.

मामा : आन् भागीदार?

भाचा : गोव्याला. पावसाळाभर दुसऱ्याकडे कामाला आहे म्हणतो. येईल ऑगस्टच्या शेवटी... म्हणाला तरी होता.

मामा : फोन लाव त्याले. आताच लाव.